हुलग्यातले तीन मणी

हॅलो? … कोन? … आराधना व्हय! थांब गं, हात भरल्यात माझे. बोट लावलं तर सरकतंय नुसतं, कोपरानं दाबलाय फोन. … हां, स्पिकरवर हाय आता. येतंय ऐकू. बोल.

हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक. सकाळी पाळकसाहेब येऊन गेले. रविवारी उपासना झाली की तुझी उपकारस्तुती. आपल्या मंडळीतली, खर्डा गावची पहिली डॉक्टर पोरगी, म्हनले. सोमवारी तुझा प्रबंध जमा व्हायचा, त्याच्या आदल्या दिवशी प्रार्थना करून घेऊ. शंभर मानसाचं जेवन सांगितलंय. शेंगोळेबी करायचे, आपल्याच हुलग्याचे, पदवीच हुलग्यावर मिळनार म्हनल्यावर…

काय? … नको? … का नको?

… आराधना, तू रडतीस व्हय?

सर काय बोलले का? … मंग? … पार्सल? कसलं पार्सल? … हां, ते तुकडे, बाहेरून बनवून यायचे हुते ते. आलं ना मंग! … चालत न्हाई म्हंजी? फुटलं का वाटंत?

थांब, थांब. हळू सांग. मला समजतं, तूच शिकवलंयस. हुलग्यातलं प्रथिन म्हंजी लांबलचक माळ. ती तू तोडली. तोडल्यावर दोन मण्यांचे, तीन मण्यांचे तुकडे झाले, त्याला पेपटाईड म्हनायचं. बरूबर? … आन् लोखंडाला गंज चढतो तसा अंगातबी चढतो, तो हे तुकडे थांबवत्यात. तुकडा जेवढा बारका तेवढा भारी. आन् तो टायरोसीन नावाचा मणी टोकाला बसला तर लईच भारी, मधी अडकला तर कमी. हेच तर छापून आलंय तुझं. पाळकसाहेबांनी कागद लावलाय चर्चात. इंग्रजी असला तरी तीनदा बघितलाय म्या, तुझं नाव कुठंय ते.

… व्हय. तेच तीन मणी, त्याच ओळीनं, बाहेरून करून आनले. … आन् त्यानं गंज थांबंना? … इसावा हिस्सा? नुसता इसावा? … परत करून बघ की. … तीनदा केलं. बरं.

पन हुलग्यातनं काढलेला तर चालतो! … आजबी? … मंग झालं तर! हुलग्यातच कायतरी येगळं असंल. त्यात रडायचं काय येवढं?

… काय असंल म्हंजी? मला काय इचारतीस, डॉक्टर तू.

… पहिल्या सालचे हुलगे? ते तू सोता नेले हुते की, खळ्यावरनं, गोनीत भरून. त्यात कायबी घावलं न्हाई. तवा तूच म्हनलीस, आई, माझा हात अजून बसला न्हाई, हे सोडून देते. दुसऱ्या सालापासनं म्या डबा भरून एस्टीनं राहुरीला, तुझ्या विद्यापीठात धाडायला लागले, आन् तवापासनं तुझं जमत गेलं. मी तर समद्यांना सांगते, माझ्या हाताचा गुन.

… येगळं? येगळं काय करनार मी? निवडते, पाखडते, ऊन देते, हळद-एरंडेल चोळते, फडक्यानं पुसते, डब्यात भरते.

…

हॅलो? … गेला का फोन? … हायेस ना. काय चोळते, इचारतीस?

… हळद गं. जेवनातली हळद. भुंगा लागतो ना हुलग्याला! तुझी आजी राख लावायची. पन राखंचे दाने तुझ्या लॅबात शोभत्याल का? म्हून चांगली घरची हळद. आताबी तेच करत हुते, हात त्यानंच भरल्यात. रविवारी आलीस की डबा तयार असावा म्हनलं.

… मंग पुसते की! पिवळं दिसलं तर तुझे सर म्हनतील, कसली खेडवळ मानसं. दाना न् दाना पुसते. काळ्या दान्यावर कळतबी न्हाई.

… न्हाई सांगितलं. तू तरी कधी इचारलंस? भाजीत मीठ घातलं हे सांगतं का कुनी?

… सोड्याचं पानी? दाने भिजवायचीस ते? … लाल झालं हुतं? … अगं बाई, व्हनारच लाल! हळदीच्या डागाला साबन लागला की लाल व्हतोच. तुझ्या शाळंच्या फराकाचा न्हाई का झाला हुता? … तुला वाटलं, हुलग्याचाच रंग.

… आराधना. अशी रडू नको गं, मला काय कळंना झालंय. … हां. … हळदबी गंज थांबवते. … आन् तिचा कन लई बारका. तुझ्या चाळनीतनं बारक्या तुकड्यांबरूबर तीबी खाली उतरली. … म्हंजी बारका तुकडा भारी, बारका तुकडा भारी म्हनत हुतीस ते…

… तुकड्याचं नव्हतंच.

… हळदीचं हुतं.

… मी लावलेल्या.

आन् तो टोकाचा मणी? ते तरी खरं का? … थोडं. … येवढंसंच. … त्याला कोन इचारतंय आता. खरंय.

देवा, देवा. चार वर्सं. लेकरानं चार वर्सं सन बघितला न्हाई, लग्नाची दोन स्थळं घालवली, डोळ्याला चष्मा लागला… आन् म्या घरी बसून हळद चोळत हुते.

… न्हाई, तुझी चूक न्हाई. … गप. तुझी न्हाई म्हनते ना!

ऐक. आराधना, ऐक माझं. कुनाला म्हाईत हाय? तुला आन् मला. सोमवारी दे जमा करून. हळद काय बोलनार हाय का? पदवी घे, नोकरीला लाग, मंग बघू. कोन येतंय खर्ड्याला दाने तपासायला?

…

… हां. … हां, कळलं. … न्हाई, बरूबर हाय तुझं. उद्या दुसरं कुनीतरी त्यावरच पुढचं बांधंल. … प्रभू मला क्षमा करो, काय बोलून गेले मी. पोटच्या पोरीला खोटं शिकवायला निघाले.

मंग सरांना सांगनार? … आजच? … छापलेलं मागं घ्यावं लागंल. सरांचंबी नाव हाय ना त्याच्यावर? … आन् तुझे ते शिष्यवृत्तीचे पैशे, ते मार्चातच बंद झाले ना? … व्हय.

मी येऊ का? दुपारच्या एस्टीनं येते. मी सांगते सरांना, पोरीनं न्हाई केलं, म्या केलं. … नको? … बरं. नको तर नको.

… बिनहळदीचे? मूठभर? परत करून बघायला? … थांब, बघते. थांब हां.

… मोठ्या कनगीतले चोळले. पेरायचे ठेवले हुते त्यालाबी लावली. आन् हे शेवटचं पोतं, सकाळपर्यंत कोरंच हुतं गं… सकाळी फोन केला असतास तर… खालचे दानेबी पिवळे झाले. न्हाई, एक मूठबी न्हाई राहिली. धुऊन निघंल का? … न्हाई. … आता पावसात पेरायचे, ते मार्गशीर्षात निघत्याल. आपल्यासारखे काळे हुलगे बाजारातबी मिळत न्हाईत. … तवर थांबतील का सर? … तुलाबी म्हाईत न्हाई.

बरं. … पाळकसाहेबांना मी सांगते. तू नको बोलूस त्यांच्याशी, मी सांगते. … जेवलीस का सकाळपासनं? … जेव मंग. जा सरांकडं. … ठेवते.

…

…बापा, आकाशातल्या बापा, माझ्या लेकराकडं बघ. रोज पहाटं तिच्यासाठी गुडघे टेकले आन् त्याच हातानं तिचं वाटोळं केलं. मला अक्कल न्हाई दिली ती न्हाई, निदान तिला तरी मला इचारायला लावलं असतंस… चार वर्सात एकदा तरी… हे हात तोडून टाकले असतेस तर…

… आँ? … कोन? … आराधना? … चालूच हाय व्हय अजून? … समदं ऐकलंस?

… न्हाई, न्हाई, रडत न्हाई. हळदीचा हात डोळ्याला लागला. … न्हाई गं. … बरी हाय मी.

दाबला की मघाच, कोपरानं दाबला. बोटानंबी दाबते, पन सरकतंय तेलानं, लागतच न्हाई.

तूच ठेव, बाळा. माझ्या हातानं न्हाई व्हत.