सावरीची उशी

...नाही हो, रागावलेलो नाही मी! मानच अशी आहे, तिला काय करू? आत्तासुद्धा तुमच्याकडेच बघतोय, फक्त मान तिकडे शेजारच्या रसवंतीकडे आहे आणि तो रसवंतीवाला मला रोज विचारतो, "गिरधरभाऊ, पाठवू का एक गिलास?" अरे, मी रस बघत नाही, माझा मणका अडकलाय!

तुम्हाला सांगतो, धुळ्यात मी शिंपी. जन्मभर लोकांच्या माना मोजल्या, कॉलर साडेपंधरा, कॉलर सोळा, आणि मशीनवर वाकून वाकून माझी स्वतःची मान गेली. आता लग्नसराई डोक्यावर, नवरदेवांचे कोट कापून पडलेत आणि मला खाली बघता येत नाही! परवा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. नवरदेव म्हणाला, "काका, माझे हात बघितलेत ना तुम्ही?" बघितले असते रे, मान खाली गेली असती तर बघितले असते!

डॉक्टरकडे गेलो. त्यानं मानेचा एक्स-रे उजेडात धरला, च् च् केलं, म्हणाला, "उशी बदला. फार उंच नको, फार चपटी नको, कडक नको, मऊ तर अजिबात नको." अहो, उशी सांगताय का स्थळ सांगताय? असली उशी खानदेशात जन्माला तरी आलीय का? झालं! गिरधर शिंपी उशी शोधतोय हे गल्लीला कळलं, आणि मान माझी, मत गावाचं!

समोरचे चिंधाआबा काठी आपटत आले. "उशीबिशी काय लावस रे? मन्हा बाप जनमभर डोकाखाले ईट लिसन झोपना, त्येनी मान कधी दुखनी नही!" आबा, तुमच्या बापाला मान होती तरी का? बैलासारखं डोकं थेट खांद्यावर बसवलेलं, मी स्वतः फोटो बघितलाय! पण बोलायची सोय नाही, आबा वडीलधारे. झोपलो विटेवर. सकाळी कानाला विटेचा रंग आणि मान होती तिथून आणखी चार बोटं डावीकडे!

मग आमच्या लताबाई. मंडळी आमच्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याचं, कापसाचं. "बाजारची उशी कशाला? माझा भाऊ घरचा कापूस पाठवेल." घरचा कापूस! या दोन शब्दांपुढं आमच्याकडे ब्रह्मदेवाचं चालत नाही. मेहुणा ईश्वर स्वतः गाठोडं घेऊन आला, छाती ही एवढी फुगवून. "दाजी, बठ्ठा घरना माल शे, एकदम पांढरा!" पांढरा आहे रे, पण सरकी? "सरकी राहू द्या, दाजी. सरकीनं कापसाचा कस टिकतो." तुम्हीच सांगा, मला कस टिकवायचाय का मान? पण मेहुण्यासमोर कापसाला नाव ठेवायचं म्हणजे बायकोच्या अख्ख्या कुळाला नाव ठेवायचं! शिवली उशी. झोपलो. एकेक सरकी अशी टोचतेय... इकडे वळलो तर टोचते, तिकडे वळलो तर... तिकडे वळताच येत नाही! आणि सकाळी ईश्वर चहा पिता पिता विचारतो, "कशी झोप लागनी, दाजी?" काय सांगू? "छान!" म्हणालो, डोळ्यांत पाणी आणून. त्याला वाटलं, दाजी गहिवरले. दुसरं गाठोडं पाठवतो म्हणाला!

तडक जळगाव गाठलं. मोठं दुकान, आत गारेगार. तिथली मुलगी म्हणते, "सर, हा मेमरी फोम. तुमच्या मानेचा आकार हा लक्षात ठेवतो." अगं बाई, वाकडा आकार लक्षात ठेवून करू काय? तो तर मला विसरायचाय! तरी आणली. आमचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. फोम असा तापला, असा तापला, की मानेखाली तवा ठेवल्यासारखं! आणि ज्याच्या त्याच्या तोंडी, "सांगितलं होतं, ईट घे." मान माझी, मत गावाचं!

आणि भडगावचं ऐका. लताचे मावसे निंबानाना वारले, त्यांच्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला गेलो. मांडवाच्या बाजूच्या खोलीत नानांच्या नावानं गुरुजींना द्यायचं शय्यादान मांडलेलं. कोरी गादी, कोरी चादर, छत्री, चपला, तांब्या, आणि उशी. सहज बोट दाबून बघितलं, शिंप्याचा हात, राहवत नाही. सावरीच्या कापसाची हो! धड उंच नाही, धड चपटी नाही, कडक नाही, मऊ नाही! डॉक्टरनं सांगितलेलं स्थळ समोर आणि आजूबाजूला कुणी नाही. म्हटलं, घटकाभर मान टेकू. टेकली. माश्या होत्या म्हणून चादर तोंडावर ओढली... आणि कित्येक महिन्यांनंतर मला झोप लागली हो! देवाशप्पथ सांगतो, रडू आलं असतं, पण रडायच्या आधी झोपलो.

जाग आली ती किंकाळीनं. नानांच्या मंडळी, अक्का, दारात! मी चादरीसकट उठून बसलो, तर अक्कांनी छातीच बडवली, "मन्हा धनी उठी बठना वं माय!" अख्खा मांडव आत. गुरुजी ओरडले, "वापरलेली शय्या दानाला चालणार नाही!" आणि मी मात्र मान डावीकडे, उजवीकडे... वळतेय! म्हटलं, "मग मी नेतो ही उशी, तुम्हाला दुसरी आणून देतो."

अहो, अंगावरच आले सगळे! "मेलेल्याच्या नावाची उशी घरात नेतोस?" वीस माणसं, वीस मतं, आणि एकालाही मान दुखत नाही! मी हात जोडले, अक्कांचे पाय धरले, कुणी ऐकलं नाही. गिरणा नदीत सोडली माझी उशी, माझ्या डोळ्यांदेखत! पात्रात पाणी तरी कुठं होतं? डबक्यात बसून हळूहळू फुगत होती बिचारी. माझी मान पुन्हा डावीकडे गेली, ती तिला बघता बघता.

परतीच्या बसमध्ये लताला दया आली. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नका हो जीवाला लावून घेऊ. तुमच्या वेळी मी अगदी तश्शीच सावरीची उशी ठेवेन."

ठेव बाई. पण ती तरी कुठं मला मिळणार? मान माझी, उशी गुरुजींची!