शेवाळ नव्हे, रिक्सिया!

शेवाळ? पुन्हा शेवाळ म्हणालात? अहो, शेवाळ नव्हे ते, रिक्सिया! तुम्हाला सांगते, हे बोलून बोलून माझी कवळी सैल झाली, पण आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात शिरेल तर शपथ! हॉलमध्ये माझी माशांची टाकी, त्यात ही हिरवीगार नाजूक वनस्पती तरंगतेय, मुळं नाहीत, पानं नाहीत, नुसते फाट्याला फाटे... आणि मी डोळे तपासायला गेले तेवढ्यात हा काय करतो? चहाच्या गाळणीने सगळी उपसतो आणि बेसिनमध्ये ओततो! वर म्हणतो, "आई, टाकी चकाचक केली बघ!" चकाचक! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बेसिनच्या जाळीत चिमूटभर अडकली होती, तेवढीच वाचली. आणि सूनबाई, अगदी साखर घोळून, "आई, पुढच्या महिन्यात माझी बहीण येतेय. तोवर टाकी बघण्यासारखी झाली नाही ना, तर तिथे चपलांचं कपाट ठेवू या." चपलांचं! माझ्या माशांच्या जागी!

पेटलेच मी. टाक्या विकणाऱ्या दुकानदाराला म्हटलं, रिक्सिया तळाशी हिरवळीसारखी लावायचीय. तो फिदीफिदी हसला. "आजी, ती तरंगणारी जात. खाली बसायची नाही. प्लास्टिकची न्या, धुता येते." धुता येते म्हणे! मी काय भांडी घ्यायला आले होते? घरी येऊन चपट्या दगडाला दोऱ्याने बांधली... सुटली. पुन्हा बांधली... माशांनी ओढून वर नेली! रडकुंडीला आले, आणि आरशात बघते तर काय, अंबाडा कसा जागच्या जागी! एक केस हलेल तर! कशामुळे? जाळीमुळे! ओढली डोक्यावरची जाळी, दगडावर रिक्सिया पसरली, वरून जाळी ताणली, खाली गाठ मारली... आता तरंग बघू! वर चांगला दिवा, अधूनमधून ताजं पाणी, आणि फार माजली की नखांच्या कात्रीने छाटायची, नाहीतर खालची पिवळी पडते आणि अख्खा गालिचा सुटून वर येतो. कुणी शिकवलं? कुणी नाही! माझं मी!

बहीण आली तेव्हा जाळी कुठली दिसायला! नुसती मऊ हिरवळ, आणि दिव्याखाली टोकाटोकावर हवेचा चंदेरी बुडबुडा. बाई काचेला नाक लावून बसली, चहा गार झाला. "ताई, हे कसलं गं शेवाळ?" आणि आमची सूनबाई, मान ताठ करून, "शेवाळ नव्हे ते, रिक्सिया! आमच्या सासूबाईंनी लावलीय!" ऐकलंत? सासूबाईंनी! कपाट गेलं जिन्याखाली! आणि तो दुकानदार? आला की दारात, "आजी, एक चिमूट द्याल का?" म्हटलं, प्लास्टिकची लाव बाबा, धुता येते! ...दिली मग. जाळीसकट दिली.

आता माझ्या सगळ्या जाळ्या पाण्यात आणि अंबाड्याला कपड्यांचा चिमटा. असू दे! पण चिरंजीव? येईल त्याला छाती फुगवून, "या, या, आमच्या आईचं शेवाळ बघा!" हात टेकले मी. आता बोलत नाही, फक्त गाळणी कुलपात ठेवलीय... चहा काय, चोथ्यासकट पितो सगळे. मीसुद्धा.