दोन हिसके

हसाल तुम्ही, पण त्या दिवशी माझ्याच छातीत धडधडत होतं. रत्नागिरीत बाबांच्या हृदयाचा एमआरआय होता. तरुणपणी बाबा खाडीत बुडी मारून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायचे आणि आई होडीत दोरी धरून बसायची. त्यांचा नियम असा, की बाबा बुडाले की आईनंही श्वास रोखायचा. तिचा दम संपला की दोरीला दोन हिसके द्यायचे, मग बाबांनी वर यायचं.

तर काचेपलीकडे बाबा मशीनमध्ये. टेक्निशियन मुलगी माइकवर म्हणाली, "काका, श्वास रोखा." बाबांना चार सेकंदही जमेना. "राहू दे काका, नेहमीसारखा श्वास घ्या. छाती हलली तरी मशीन फोटो जुळवून घेतं."

मला वाटलं, सुटलो. बाजूला बघतो तर आई लालबुंद!

"आई, काय होतंय?"

ती बोलेचना. डोळे काचेवर. ही आता कोसळणार म्हणून मी धरायला गेलो, तोवर तिनं त्या मुलीच्या बाहीला दोन हिसके दिले. "काढ गो त्यांना वर!"

"काकू, ते मघापासून श्वास घेतायत!"

बाबा बाहेर आल्यावर आई कडाडली, "श्वास घेत होतात, तर मी काय मरायचं होतं?"

"तू बाहेर दम धरून उभी असशील, ठाऊक होतं मला," बाबा म्हणाले. "म्हणून तर आत भीती वाटली नाही."