जमलं तर थोडं पाणी
स्वतःच्या आईला एकदा ‘प्लीज’ म्हणून बघा, मग कळेल मी काय सांगतेय ते.

तेव्हा मी नरपडला घरीच होते आणि मोबाइलवर चोरून स्पॅनिश शिकत होते. स्पेनमधल्या एका हॉटेलातल्या नोकरीची मुलाखत आठवड्यावर आलेली आणि घरात कुणालाच पत्ता नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, ‘तिकडे पाणीसुद्धा अदबीने मागतात. घरी मराठीतही तसंच मागा, सवय होईल.’

आई मांदेली साफ करत बसली होती. मी मनात ‘पोद्रिया दारमे आग्वा, पोर फावोर?’ घोकलं आणि म्हटलं, ‘आई, जमलं तर थोडं पाणी देशील का, प्लीज?’

तिने वर बघितलं. हात धुतले आणि पाणी दिलं.

‘थँक्यू हं, आई.’

दिवसभर हेच चाललं. रात्री जेवताना मी म्हटलं, ‘तुला त्रास नसेल तर मीठ देतेस का?’

आईने बरणी हातातच धरून ठेवली. ‘ताप आहे का तुला?’

‘नाही गं.’

‘कुणाशी लग्न ठरवून बसलीयेस?’

‘काहीतरीच काय!’

‘मग कधी निघायचंय?’

माझा घास तोंडातच राहिला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘सकाळपासून पाहुण्यासारखी बोलतेयस.’ ताटात मीठ वाढत ती म्हणाली, ‘तिकडे गेलीस की बोल असं. इथे आहेस तोवर नुसतं “आई, पाणी” म्हण.’