रामसेवकच्या नावाचं घर

बिल्डर गरिबांसाठी घरं बांधत नाहीत, असं मात्र म्हणू नका यार. नियमच आहे ना, म्हणून आमच्या सरोजिनी नगरच्या सोसायटीमागे एक इमारत खास त्यांच्यासाठी उभी केलीय.

आमचा गार्ड रामसेवक म्हणाला, "मैडम, हमारा भी फॉर्म भर दीजिए." मी भरून दिला, तर अर्ज नामंजूर! त्याला घेऊन घरवाटपाच्या ऑफिसात गेले. बाबू म्हणाला, "इनके नाम तो पहले से मकान है."

कुठं? आमच्याच मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नोकरीला लागताना त्यानं बिल्डरकडे आधारची झेरॉक्स दिली होती, तीच कुणीतरी त्या घराच्या अर्जाला लावली होती.

आम्ही तडक त्या घरी गेलो. दार बिल्डरच्या मेहुण्यानं उघडलं. त्याला रामसेवक रोज गेटवर सलाम ठोकायचा.

रामसेवक म्हणाला, "साहब, कागज़ पर यह घर रामसेवक का है."

"कौन रामसेवक?" मेहुण्यानं विचारलं आणि दार लावून घेतलं.

मी लेखी तक्रार केली. आठवड्याभरात रामसेवकची नोकरी गेली. घर अजून त्याच्याच नावावर आहे, त्यामुळे दुसरं मिळत नाही.