‘प्रोटीन वाढलंय’ असं मीच म्हटलं होतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. हेमराज कापगते सर. नागपूरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अभ्यासाचे प्रमुख डॉ. वीरेंद्र लांजेवार सर. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. माझे सहकारी, सिस्टर, मावश्या, ड्रायव्हर मंडळी. आणि शेवटच्या रांगेत दाराशी अंग चोरून बसलेल्या करडीच्या दोघी जणी. तुम्हा सर्वांना साधना सेलोकरचा नमस्कार.

शुभांगीनं सूत्रसंचालन करताना मला ‘सदा हसतमुख’ म्हटलं. शुभांगी, बाई, तू सहा वर्षं माझ्यासोबत लॅबमध्ये काढलीस. खरं सांग, कधी पाहिलंस मला हसताना? सकाळी आठला खिडकीसमोर साठ माणसं, प्रिंटर अडकलेला, आणि प्रत्येकाला लाखनीची बस पकडायची. हसायला वेळ कुणाला होता? असो. निरोपाच्या दिवशी माणसाला असंच काही म्हणतात, मी समजून घेते.

पण कापगते सर म्हणाले, ‘चौतीस वर्षांत मॅडमच्या हातून एकही चूक झाली नाही.’ सर, शाल मी घेतली. नारळ घेतला. हे वाक्य मात्र मी घेणार नाही. माझ्या हातून एक चूक झाली, मोठी झाली, आणि तिचा बोल लागला दुसऱ्याच बाईला. तो तिच्यावरून काढायचा म्हणून मी आज माईक धरला आहे. नाहीतर भाषणाची मला हौस नाही, हे तुम्ही सगळे जाणता.

गेल्या वर्षीची गोष्ट. करडीचे यादोराव बांते, वय चौसष्ट, धानाची शेती, चाळीस वर्षं बिडी. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि लांजेवार सरांच्या अभ्यासात त्यांचं नाव घातलं. अभ्यास चांगला आहे, मी वाईट म्हणणार नाही. आपल्या रक्तात एक प्रोटीन असतं, सीआरपी. शरीरात कुठं सूज असली, आजार भडकला, की ते वाढतं. दुसरं अल्ब्युमिन. माणूस खंगायला लागला की ते उतरतं. पहिलं वर आणि दुसरं खाली असेल, तर हा पेशंट पुढं किती तग धरेल याचा अंदाज बांधता येतो. दोन साध्या तपासण्या, आपल्यासारख्या ठिकाणीही होणाऱ्या. पण अंदाज म्हणजे अंदाज. हे कुणी कुणाला सांगितलं? सही घेण्याचा कागद मराठीत होता म्हणतात. मी वाचला तो. ‘जैवचिन्हकांच्या पातळीवरून रोगनिष्पत्तीचे पूर्वानुमान.’ सांगा, या सभागृहात कितींना कळलं? मला नाही कळलं बाप्पा, आणि रक्त मी काढत होते!

तर यादोरावांसोबत त्यांची सून यायची, रुपा. मुलगा श्रावण जवाहरनगरला कंत्राटी कामावर, त्याला सुट्टी मिळत नव्हती. सासऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवून ही पोरगी करडीहून भंडाऱ्याला आणायची. एका दुपारी रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आली. म्हणाली, “मॅडम, का निघालं जी?”

आपला नियम काय? टेक्निशियननं रिपोर्ट द्यायचा, अर्थ सांगायचा नाही. तेहतीस वर्षं पाळला. त्या दिवशी मागं रांग ओरडत होती, माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, “सीआरपी वाढलाय.”

“सीआरपी म्हंजे का जी?”

“प्रोटीन आहे एक. प्रोटीन वाढलंय. डॉक्टरांना दाखव, चल, पुढं हो.”

झालं! नियम मोडला, तोही अर्धाच. अल्ब्युमिन उतरलंय हे दुसऱ्या पानावर होतं, ते सांगायला मला सवड नव्हती. ती डॉक्टरांकडे गेली. कापगते सर, मान खाली घालू नका, ओपीडीत त्या दिवशी तुम्हीच होतात. तिनं विचारलं, “प्रोटीन वाढलं म्हणतात, धोका आहे का जी?” तुम्ही म्हणालात, “हो, हे वाढणं चांगलं नसतं.” खोटं काय बोललात? काहीच नाही. मीही खोटं बोलले नव्हते. दोघं खरं बोललो आणि एका माणसाच्या तोंडचा घास काढला.

कारण आपल्याकडे प्रोटीन म्हणजे काय? मेडिकलमध्ये मिळतो तो डबा. अंगणवाडीत सांगतात ते. आणि आपल्याच ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तक्ता आहे, ‘प्रोटीनयुक्त आहार’. अंडी, डाळी, मासे, दूध, शेंगदाणे, चित्रांसकट. दहावी शिकलेली पोरगी ती. तिनं मोबाईलवर त्या तक्त्याचा फोटो काढला, घरी नेला आणि त्यातली एकेक वस्तू सासऱ्याची बंद केली. लाखोळीचं वरण बंद. अंडी बंद. बोडीतली, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातली मच्छी बंद. म्हाताऱ्याला वास येईल, जीव तळमळेल, म्हणून घरातल्या सगळ्यांचीच मच्छी बंद! इतकी काटेकोर पथ्यं तर आपल्या शुगरवाल्यांनीही कधी पाळली नाहीत.

एक दिवस धुरपताबाईंनी, म्हणजे यादोरावांच्या बायकोनं, नवऱ्याची कीव येऊन गुपचूप एक अंडं उकडून दिलं. रुपानं पाहिलं आणि ते ताटातून उचललं. म्हणाली, “आई, तुमाले मामाजी पाहिजे का नाई?” सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. धुरपताबाईंच्या मनात तेवढं उचललेलं अंडं राहिलं. राहणारच.

तीन आठवड्यांनी ती दोघं पुन्हा आली. मी रक्त काढायला बसले तर हातात शीर सापडेना. वजन अठ्ठेचाळीसवरून त्रेचाळीस. मी वैतागून विचारलं, “काका, जेवता की नाही?”

“जेवतो ना जी. भात खातो, आंबील पितो.”

“आणि वरण?”

“वरण कायले खाऊ? तुमीच त सांगतलं ना, प्रोटीन वाढलं म्हणून. माही सून बहुत जपते मले. काईच खाऊ देत नाई.”

असं म्हणून हसला तो माणूस. कौतुकानं हसला. मी सुई हातात घेऊन तशीच बसले. रुपा शेजारी उभी, मोबाईलमधला फोटो उघडून मला दाखवत होती की बघा मॅडम, काही सुटलं तर नाही ना.

त्याच दिवशी मी तिला समजावलं. रक्तातलं ते प्रोटीन वेगळं, ताटातलं वेगळं. खाऊ घाल, भरपूर खाऊ घाल. ती बाकावर बसली. पुढं यादोराव खायला लागले, किलो-दीड किलो वजन आलंही. पण अशक्तपणापायी केमो दीड महिना लांबली होती. जानेवारीत गेले. नीट जेवले असते तर वाचले असते का? मला माहीत नाही. आजार पुढं गेलेला होता. चार महिने जास्त मिळाले असते की नसते, हे तुमचे दोन्ही प्रोटीन मिळूनही सांगू शकत नाहीत.

आणि मग मार्चमध्ये याच सभागृहात लांजेवार सरांचं सादरीकरण झालं. पडद्यावर आलं, रुग्ण क्रमांक सत्तावीस, अंदाज अचूक. टाळ्या वाजल्या. सर, माझा संताप त्या टाळ्यांवर आहे! क्रमांक सत्तावीस म्हणजे यादोराव. तुमचा अंदाज खरा ठरला तो किती अंदाजामुळं आणि किती आमच्या जिभेमुळं, हे कुणी पाहिलं? मी मंगेशला म्हटलं, अभ्यासाची माहिती तूच भरतोस ना बाबा, लिही त्यात की या माणसाचं जेवण आमच्या सांगण्यावरून तुटलं होतं. मंगेश गरीब पोरगा, म्हणाला, “मॅडम, त्याच्यासाठी रकाना नाही.”

बिडीसाठी रकाना आहे. वजनासाठी आहे. घरच्यांना काय समजलं, यासाठी नाही. लांजेवार सर, आज तुम्ही माझ्या शेजारी बसला आहात, जागचे हलू शकत नाही, म्हणून सांगते. तो रकाना घाला. आणि कापगते सर, रिपोर्टच्या खिडकीवर एक माणूस असा बसवा, ज्याला मागच्या रांगेची घाई नसेल.

करडीत मात्र रकान्याची गरज पडली नाही. तिथं लोकांनी थेट नाव घेतलं. सुनेनं सासऱ्याला उपाशी मारलं. पाण्यावर, बांधावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच. यादोराव गेले त्या दिवसापासून धुरपताबाई सुनेच्या हातचं खात नाहीत, वेगळी चूल मांडतात. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला, मान दिला, पण ऐकलं नाही. म्हणाल्या, “तुमी मोठ्या मनाच्या जी, तिले वाचवून राहिल्या.” म्हणून आज चारचौघांत, माईकवरून सांगते. धुरपताबाई, मी कुणाला वाचवत नाही. ‘प्रोटीन वाढलंय’ हे शब्द माझे होते. तुमच्या सुनेनं ते अंडं उचललं, ते तुमच्या नवऱ्याला जगवायला उचललं. तिनं आमच्यावर विश्वास ठेवला, याहून तिचा दुसरा गुन्हा नाही.

रुपा, रडू नको. पदर तोंडावरून काढ. मान खाली घालायची पाळी आमची आहे.

आता आवरते. शुभांगी मघापासून घड्याळ दाखवते आहे. चौतीस वर्षं ज्यांनी माझा त्रागा सोसला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आज बोलताना कुणाचा मान कमीजास्त झाला असेल, तर तेवढं तुम्ही सगळ्यांनी पोटात घाला. त्या एका चुकीची माफी मात्र मी या व्यासपीठाकडे मागत नाही. ती धुरपताबाईंकडे आणि रुपाकडे मागते, हात जोडून मागते. द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.

खाली जेवण तयार आहे. वरण-भात आहे, अंड्याचा रस्सा आहे. पाहुण्यांना वाढायला आपली मंडळी आहेतच. धुरपताबाई, तुमचं ताट रुपा वाढेल. जेवा.