आधी नमस्कार, मग लाल कार्ड

छायाबाई चोरून ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण इंदिरानगरच्या बसमध्ये पुढच्याच सीटवर जुंपली होती, तेव्हा फुलांची रिकामी पाटी मांडीवर घेऊन त्या ऐकत राहिल्या. गळ्यात शिट्टी अडकवलेला पोरगा आणि घुश्शात बसलेला त्याचा मामा.

“कुंदन, सख्ख्या मामाला लाल कार्ड?”

“फुटबॉलची मॅच चालू असताना कोचनं मैदानात घुसायचं नसतं, मामा.”

“बरं, घुसलो. पण कार्ड दाखवायच्या आधी पाया कशाला पडलास?”

“मोठ्या माणसाला तसंच बाहेर कसं काढायचं?”

“अरे, मी आशीर्वाद द्यायला हात वर केला, अन् तू उठलास ते कार्ड घेऊनच! अख्ख्या मैदानाला वाटलं, मी रेफरीला मारतोय.”

“म्हणून तर कमिटीनं तुमच्यावर बंदी घातली.”

“तू खरं सांगायचंस ना त्यांना!”

“सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आशीर्वाद दिला का? मी म्हटलं, नाही, शिव्या दिल्या.”

“भाचा आहेस का कोण आहेस रे?”

“माझा स्टॉप आला. येतो, मामा.”

पोरगा उठला आणि सवयीनं मामाच्या पायाशी वाकला.

“थांब, वाकू नकोस! आधी ते कार्ड इकडे दे.”